मैनीचा दंड

१२ जानेवारी, सोमवार

टॅब आला. माझा वर्ग दुसरी, तेहतीस मुलं. प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे ॲपमध्ये प्रत्येकाचं नाव घातलं, प्रत्येकाला एक गमतीदार चेहरा दिला. चांगलं वागलं की अधिक एक, टिंग वाजतं. वाईट वागलं की वजा एक, फुगा फुटल्यासारखा आवाज होतो. गट ॲपच पाडतं. दर शुक्रवारी पहिल्या गटाला बक्षीस.

आश्रमशाळेत येऊन सात महिने झाले. आज पहिल्यांदा अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. म्हणजे टॅबकडे. चालेल.

मला चौथीत बाईंनी वहीवर लाल शाईची चांदणी काढून दिली होती. ती वही आईने अजून पेटीत ठेवलीय. आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि ती त्या चांदणीपासून सुरू झाली असं मला खरंच वाटतं. माझ्या तेहतीस जणांनाही एकेक मिळावी.

१६ जानेवारी

पहिला शुक्रवार. वाघ गट जिंकला. सहा जण, प्रत्येकी एक खोबऱ्याची गोळी. त्यांनी गोळ्या दातांनी फोडल्या आणि तुकडे वर्गभर वाटले. म्हटलं, अरे, हे तुमचं बक्षीस आहे! माझंच काहीतरी बिघडलंय, अशा नजरेने बघत राहिले. एक तुकडा मलाही आला. खाल्ला.

मग सगळ्यांना 'मदत करणे' खाली एकेक गुण दिला. सगळ्यांचे सारखे वाढले, म्हणजे कोणाचेच वाढले नाहीत. ॲपने गट होते तसेच दाखवले.

२२ जानेवारी

मैनी उसेंडी. नऊ वर्षांची, उशिरा दाखल झाली म्हणून दुसरीत. आलापल्लीला मामाकडे राहिलेली, त्यामुळे मराठी चांगली समजते. हुशार आहे, पण हात वर करणार नाही. सारखी कुजबुज. मी प्रश्न विचारला की मान वळवून शेजारच्यांना त्यांच्या माडिया बोलीत काहीतरी सांगते. उत्तर फोडते. तिच्यामुळे तिचा कासव गट फुकटचा पुढे आहे.

आज तीनदा वजा दिला. तो आवाज झाला की मुलं दचकतात. ती हसते. मला त्या हसण्याचा राग आला.

दुपारी मुख्याध्यापक: "मॅडम, प्रकल्प कार्यालयाले डेटा पायजे. रोजच्या रोज भरत जा. जूनमध्ये तुमची ऑर्डर पुन्हा काढायची हाय ना?" हसत म्हणाले. कंत्राटावरची मी, मीही हसले.

२ फेब्रुवारी

ॲपमध्ये 'बडबड करणाऱ्यांना वेगळे बसवा' अशी सोय आहे. मैनीला कासव गटातून काढलं. सतरंजीच्या शेवटच्या टोकाला, खिडकीखाली, एकटी.

वर्ग शांत. असा शांत वर्ग मला कधीपासून हवा होता.

८ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन. पाण्याच्या टाकीवर चढून बोलले, तिथेच रेंज.

"जेवली काय वं?"

"जेवले."

"तुये बाबा चिमूरभर सांगून राह्यले, आमची पोरगी टॅबवर शिकवते म्हनून. पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकाले सांगते. माणूस म्हनते, भाऊ, पंक्चर तं काढा आधी."

हसू आवरेना. मग टाकीवरच थोडा वेळ बसून राहिले. बरं वाटलं.

११ फेब्रुवारी

कासव गट शेवटी गेला. "वह्या काढा" म्हटलं तरी सगळे तसेच बसून. "बेरीज लिहा", तरी तसेच. छोटी बुदरी खिडकीकडे बघत बसते. आता कळलं ना, म्हटलं, कोणाच्या जिवावर उड्या मारत होते!

शेख सरांना सांगितलं. कार्यानुभव शिकवतात, वीस वर्षं इथेच काढली, गडचिरोलीला घरच्यांचं शिलाईचं दुकान आहे. ते फक्त म्हणाले, "बेटा, पोरं पहिले काय करत होती?" मला वाटलं, जुन्या वळणाचे आहेत.

१८ फेब्रुवारी

मैनी वजा अकरावर. चेहरा लाल. लाल झालं की पालकांना संदेश जातो: 'आपल्या पाल्याचे वर्तन वजा ११. त्वरित शाळेशी संपर्क साधा.' आधी पडद्यावर विचारतं, पाठवायचा का? मी होय दाबलं. घाईत नाही दाबलं. इथे खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, घाईत नव्हते.

फॉर्मवर नंबर इथल्या किराणा दुकानदाराचा आहे, गावात निरोप तोच पोचवतो. तिच्या गावात, कोरेटोल्यात, रेंज नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मैनीचे वडील आले. कोरेटोल्याहून चौदा किलोमीटर चालत, बरोबर गावातले दोघं म्हातारे. हातात तांबडा कोंबडा, पाय बांधलेला. फडक्यात तांदूळ.

"मॅडम, पोरीचा दंड आनलो."

मला संकोचाने काय करावं कळेना. म्हटलं, नाही नाही दादा, आम्ही पालकांकडून काही घेत नाही, परत न्या.

"घेत नाई?"

"अजिबात नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी हळू. "घेतच नाई?" मी हात जोडले आणि मान हलवली. मनात म्हणत होते, गरीब माणसाचा कोंबडा वाचवला. स्वतःचं कौतुक वाटलं, हेही लिहून ठेवते.

ते तिघं आपसात बोलले. मैनीला बोलावलं. ती वसतिगृहातून पेटी घेऊन आली. विचारलं, घरी काही कार्यक्रम आहे का गं? तिने माझ्याकडे पाहिलं, हसली नाही. वडिलांनी पेटी डोक्यावर घेतली, एका म्हाताऱ्याने कोंबडा. फाटकाबाहेर गेले.

मुख्याध्यापकांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. 'पालकभेट उत्साहात संपन्न.'

२५ फेब्रुवारी

शेख सर रजेवरून आले. कालचं सांगितलं.

"कोंबडा वापस केला?"

"हो. कसा घेणार?"

"अरे बाई..." चष्मा काढून पुसत बसले. मग सांगितलं. चूक झाली की गाव बसतं, दंड ठरवतं. ज्याचं बिघडलं असेल तो दंड घेतो, सगळे मिळून शिजवून खातात, आणि बात खतम. नंतर ती गोष्ट पुन्हा काढायची नाही. "ते चौदा किलोमीटर चालून माफी मागायले आले. आपण घेतला नाही, मतलब माफी नाही. ही पोरगी आता शाळेत नको, असं बोललो आपण."

मी म्हटलं, एवढी मोठी चूकच नव्हती हो तिची.

"मग वजा काऊन दिलं?"

२६ फेब्रुवारी

शेख सरांना वर्गात नेलं. त्यांना माडिया येते. बुदरीला विचारायला लावलं, मैनी तुम्हाला काय सांगायची?

बुदरी बोलली, सरांनी मराठीत सांगितलं: "मॅडम काय म्हणतात ते सांगायची."

उत्तर नाही. माझं बोलणं. मी 'वह्या काढा' म्हटलं की ती त्यांना माडियात 'वह्या काढा' म्हणायची. मी बेरीज समजावली की ती बेरीज समजावायची. जूनपासून मला वाटत होतं मी शिकवतेय. अर्धा वर्ग तिच्याकडून शिकत होता, आणि ती जितक्यांदा माझा धडा त्यांच्यापर्यंत नेत होती तितक्यांदा मी फुगा फोडत होते.

बुदरीने पुढे विचारलं, मैनी कधी येणार? ह्याचं मराठी सरांना करावं लागलं नाही. मैनी हा शब्द मला समजतो.

चौथीतली माझी चांदणी आठवत होते. माझ्या शेजारी कोण बसायचं? एकही नाव आठवत नाही.

२ मार्च, सोमवार

मुख्याध्यापकांना म्हटलं, कोरेटोल्याला जाऊन येते. "मॅडम, तुमी लय मनावर घेऊन राह्यल्या. मोहफुलं वेचायचे दिवस येऊन राह्यले, तशीबी पोरगी थांबली नसती." टॅब मागितला आणि माझ्यासमोर तिचं नाव काढून टाकलं. "आता पाहा."

वर्गाची सरासरी वर गेली. पडद्यावर फटाके उडाले. 'अभिनंदन! तुमचा वर्ग आता हिरव्या रंगात!' टिंग.

मी टॅब उचलून वर्गावर गेले. जून डोळ्यांपुढे होता. बाबांचं पंक्चरचं दुकान होतं.

९ मार्च

गडचिरोली. आलापल्लीला बस बदलून, उभ्याने. प्रकल्पात वर्ग-व्यवस्थापनात आमच्या वर्गाचा दुसरा क्रमांक. प्रमाणपत्र, गुलाबाचं फूल. साहेबांनी माईक देऊन विचारलं, हे कसं साधलं? मी म्हटलं, गट पाडून. टाळ्या.

आईला फोटो पाठवायचा होता. पाठवला नाही. तिने तो छापून पेटीत ठेवला असता.

१४ मार्च, शनिवार

आठवडी बाजारात शेख सरांबरोबर कोंबडा घेतला. त्यांनी पंख उचलून, पोट दाबून पाहिला. "तांबडाच घ्या. त्यांचा तांबडा होता ना."

म्हटलं, सर, उद्या तुम्हीही चला, मला भाषा येत नाही.

"नाही. मी आलो तर तुम्ही माझ्या मागं उभ्या राहाल. जिसका दंड, वही ले जाता है."

मुख्याध्यापकांना सांगितलेलं नाही.

१५ मार्च, रविवार. कोरेटोला

पहाटे निघाले, दहाला पोचले. वाटेत कोंबड्याने दोनदा पिशवी फाडली. गाव मोहाखाली होतं, बायका-पोरं फुलं वेचत होती. मैनी दिसली. टोपली कमरेला. मला पाहून झाडाआड गेली.

वडिलांना म्हटलं, दंड आणलाय, माझा. त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते गायतांकडे गेले, म्हणजे गावच्या म्होरक्याकडे. तासाभराने गोटुलात, गावाच्या बैठकीच्या घरात, माणसं जमली. मला समोर बसवलं. कोंबडा खांबाला बांधला.

गायतांनी काहीतरी विचारलं. वडील म्हणाले, "काय केलं, सांगा. सगळ्याइसमोर."

मी सुरुवात केली आणि दोन वाक्यांत त्यांची मराठी संपली. त्यांनी मागे वळून हाक मारली. मैनी टोपली ठेवून आली. माझ्याजवळ बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

म्हटलं, ही मुलगी माझं बोलणं वर्गाला समजावून सांगत होती. मला ते कळलं नाही. त्यासाठी मी तिला शिक्षा केली. दंड आणला तर तो घेतला नाही. चूक माझी आहे, तिची नाही.

इतकंच. मैनी बोलू लागली. कुजबुज नाही, मोठ्याने, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. मध्येच तोंडाने तो फुगा फुटल्याचा आवाज काढला, हुबेहूब. बायका हसल्या. गायता हसले नाहीत. त्यांनी तिला काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"काय म्हणाले गं?"

"बसा म्हनते."

बसलेय. बाहेर चुलीवर पाणी ठेवलंय. कशासाठी ते कळत नाही, कोंबडा अजून खांबालाच आहे. मोठी माणसं बोलतायत. एक म्हातारी सारखी 'हिल्ले, हिल्ले' म्हणतेय. त्याचा अर्थ 'नाही', एवढं मला येतं. कशाला नाही ते येत नाही. मैनी शेजारी बसून माझं लिहिणं बघतेय.

आत्ता पुन्हा विचारलं, काय ठरतंय गं, येणार का तू?

"चूप राहा ना मॅडम. ऐकू द्या."