माझ्यावाचून अडलेल्या गोगलगायी

९ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: कारकुनांपुढे मान तुकवायची नाही.
जूनमध्ये आफ्रिकेत, मलावीला. तिथल्या सरोवरातल्या गोगलगायींतून माणसांत शिरणारा जंत हा माझा विषय. ग्रँट सरकारी. त्यामुळे देशाबाहेर काम करायचं तर आधी वॉशिंग्टनची मंजुरी, आणि ती मागायची आमच्या युनिव्हर्सिटीच्या ग्रँट ऑफिसमार्फत. म्हणजे मार्लिसमार्फत. हरे राम म्हणणारी असते तर म्हटलं असतं.

१२ जानेवारी
मार्लिसला भेटले. टेबलावर नातवंडांचे फोटो, चेहऱ्यावर माझ्याबद्दल दया. म्हणाली, प्रोफेसर, हे काम इथे आयोवात का होत नाही ते लिहा, आणि तिथे जाऊन तुम्ही काय करणार तेही लिहा. म्हटलं, संशोधन. तर म्हणे, ते झालंच हो, पण हातांनी काय करणार?
हातांनी! मी काय सुतार आहे?

३ फेब्रुवारी, सकाळ
अर्ज लिहायला बसले.
दुपार: रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक पाहिला. फारच ढिसाळ काम.
संध्याकाळ: शीर्षक झालं.

१० फेब्रुवारी
मार्लिसला वळसा घातला. वॉशिंग्टनच्या मंजुरी ऑफिसातल्या डेलला थेट ईमेल. डेन्व्हरच्या परिषदेत त्याने माझ्यासाठी लिफ्ट धरून ठेवली होती. असली नाती कारकुनांना कळायची नाहीत.

११ फेब्रुवारी
डेलने ईमेल मार्लिसकडे पाठवला. वर दोन शब्द: कृपया रीतसर. मार्लिसने मला हसरा चेहरा पाठवला. असभ्य बाई.

१ मार्च
तामांडाचा फोन. मलावीतलं काम तिच्या हातात आहे. म्हणाली, ग्रेटा, पाऊस सरत आला, माझ्या हाताखालच्या पोरी तयारीत आहेत, अडलंय कुठे? गेल्या वर्षीही तू 'आलेच' म्हणालीस. इथे मुलं त्याच पाण्यात डुंबताहेत, लघवीतून रक्त जातंय त्यांच्या.
तिला सांगितलं, शास्त्रात भावना आणू नये.
जेवण गेलं नाही. कर्टिसने, म्हणजे नवऱ्याने, केलेलं खिम्याचं मीटलोफ कोरडं होतं.

८ मार्च
एका बैठकीत अर्ज पूर्ण! आयोवात काहीही होऊ शकत नाही हे निर्विवाद सिद्ध केलं. पाणी तिथलं, रोगी तिथले, प्रयोगशाळा तिथली, मायक्रोस्कोपसुद्धा आमच्याहून नवा. आणि गोगलगाय ओळखणारी तामांडासारखी नजर अख्ख्या अमेरिकेत नाही. (माझी आहे. पण विनय शोभतो.)
कर्टिसने वाचला. म्हणाला, यात तू कुठे आहेस गं? ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या नवऱ्याला काय सांगणार? म्हटलं, मी ओळीओळीत आहे.

१० मार्च
मार्लिसने अर्ज परत दिला. समासात पेन्सिलीने: 'तुम्ही काय करणार?' मी लिहिलं: एकूण देखरेख. ती म्हणाली, प्रोफेसर, देखरेख फोनवरूनही होते, असं म्हणतील हो ते. म्हटलं, तुम्ही फक्त पाठवा. म्हणाली, बरं बाई, पाठवते.

२ एप्रिल
कमरेपर्यंतचे रबरी बूट घेतले. घालून आरशासमोर उभी राहिले. मागे पाण्यात उतरले होते तेव्हा कर्टिस भेटलाही नव्हता. पहिली गोगलगाय चाळणीत आली आणि मी किंचाळले होते. तामांडा तेव्हा विद्यार्थिनी. हसून हसून पाण्यात बसली.
संकल्प: या वेळी किंचाळायचं नाही.

२४ एप्रिल
मार्लिस स्वतः जिना चढून आली. हातात घरचे लेमन बार, लिंबाच्या गोड वड्या. तेव्हाच ओळखायला हवं होतं.
काम मंजूर. सगळं. युक्तिवाद अतिशय पटण्याजोगा, असं लिहिलंय. इतका, की प्रमुख संशोधकाने तिथे जाण्याची गरज त्यातून दिसत नाही. माझा प्रवास खोडून ते पैसे तामांडाच्या पोरींना.
म्हटलं, फेरविचाराचा अर्ज करू! मार्लिस म्हणाली, करू की. पण मग सगळंच पुन्हा तपासायला घेतील, आणि जून गेला तुमचा. तिथल्या पोरी बसून राहतील. तुम्ही म्हणाल तसं.
म्हटलं, विचार करते. लेमन बार खाल्ला. दुसराही.

२५ एप्रिल
फेरविचार नाही. उन्हाळ्यात मला इथेच फार कामं आहेत. कोणती ते ठरवायचंय.
काम मंजूर झाल्याचं तामांडाला कळवलं. इतकी ओरडली की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग विचारलं, तू कधी येतेस? म्हटलं, एवढ्यातेवढ्यासाठी मी कशाला?


१४ जून
सरोवरावरून तामांडाचा व्हिडिओ कॉल. पहिली चाळणी वर आली, पोरी किंचाळल्या. मी सूचना दिली, चाळणी जरा तिरकी धरा. त्यांनी तिरकीच धरली होती.
नंतर बूट घालून परसात गेले. नाहीतर ते नुसते पडून राहतात. कोबीच्या पानाखाली एक गोगलगाय दिसली. साधी, आयोवाची. बराच वेळ वाकून पाहिली.
कर्टिसने खिडकीतून विचारलं, काय गं, काय करतेस तिथे?
म्हटलं, देखरेख.