गुद्रुनबाईंची पत्र्याची थाळी

टिल्डा मावशी,

आणि मी पुन्हा काम सोडून पळालो, हे तुला कुणी सांगितलं? पोस्टातल्या त्या बाईनेच ना? एकदा पळालो (तो मालक आधी कुत्र्याला वाढायचा, मग मला), म्हणून काय दर उन्हाळ्यात पळेन? आधी नमस्कार घे, गुडघा कसा आहे ते कळव आणि खुर्चीत बसून वाच.

डकोटात यंदा पाऊस नाही. मका कमरेला यायच्या आत वाळला, टोळसुद्धा कंटाळून निघून गेले. हिरवं उरलंय ते फक्त माझ्या नव्या मालकाच्या, हाल्वर म्हाताऱ्याच्या, स्वयंपाकघरामागे. त्याची बायको, गुद्रुनबाई, तिथे वर्षानुवर्षं खरकटं पाणी ओतायची. मग पत्र्याची थाळी चमच्याने वाजवायची आणि सगळ्या शेतातले फेझंट, ते रानकोंबड्यांसारखे पक्षी, दाण्याला धावायचे. बाई हिवाळ्यात वारली. पण ती गवताची पट्टी अजून ओलीच, आणि साबणाचा वास येतो. पाणी मी ओतत नाही, म्हातारा ओतत नाही. (आम्ही ताटं धुतच नाही. पुसतो आणि पालथी घालतो.)

त्याच गवतात एक फेझंटची मादी अंड्यांवर बसली. हाल्वर म्हणाला, गाईला चारा नाही, ते गवत काप, नाहीतर चालता हो. मी विळा घेऊन गेलो. मादी उडेना. एका डोळ्याने बघत राहिली. विळा तिच्यापासून वीतभर असताना शेतातले सगळे नर एकदम ओरडले. तुला माहीतच आहे, आपल्याला ऐकू न येणारा ढगांचा गडगडाट त्यांना ऐकू येतो, आणि मग ते असे ओरडतात. म्हातारा बादली घेऊन धावत बाहेर आला.

“गरजलं का रे?”

“नाही. आभाळ कोरडं ठणठणीत आहे.”

“मग हे कशाला बोंबलले?”

दुसऱ्या दिवशीही तेच, बादलीसकट. शेवटी म्हातारा चिडला. “कोंबडीला भितोस, लेका? आण तो विळा इकडे!” तो वाकला, आणि या वेळी मलाही ऐकू आलं. टण, टण, टण. पत्र्यावर चमचा, स्वयंपाकघरात. आम्ही दोघं बाहेर, आत कुणी नाही. वाळक्या मक्यातून फेझंट एकामागून एक आले आणि उभे राहिले. आमच्याकडे नाही, दाराकडे बघत.

हाल्वरने टोपी काढली. चिखलाच्या बुटांवरून बोलणी खाल्लेल्या नवऱ्याच्या आवाजात दाराला म्हणाला, “बरं बाई. नाही कापत.”

मग मलाच खेकसला, “बघतोस काय? पिल्लं निघाली की खायला किडे लागतील त्यांना. किडे हिरव्यावरच होतात. पाणी घाल!”

तर मावशी, तुझा भाचा शेतगडी म्हणून आला आणि तणाला पाणी घालतोय. गाय वाळके काटे चघळते आणि माझ्याकडे रागाने बघते. पण पळालो नाही. पिल्लं निघेपर्यंत हलणार नाही.

तुझा,
एल्डन

ता. क. तू मांजरं हाकलायला वाजवतेस ती पोचे पडलेली थाळी पाठवून दे. मोठे पक्षी उपाशी आहेत. त्यांना दाण्याला बोलवायचं तर ते जिवंत माणसाने बोलवावं, असं मला वाटतं.

ता. क. तू म्हणशील, गुद्रुनबाईंची थाळी तिथेच असेल की, तीच वाजव. मीही शोधली. हाल्वर काल म्हणाला, ती त्याने शवपेटीत तिच्या हाताशी ठेवली होती.

ता. क. महिन्याच्या पगाराचा गहू घेतला, पक्ष्यांसाठी. रागावू नकोस. उरलेले पैसे सोबत आहेत: एक डॉलर साठ सेंट.