गट पडीक लिहावा

११ नोव्हेंबर, बारामती
१. आज रुजू झाले.
२. काम: उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला पीक-नकाशा वेबसाइटवर असतो, तो शेतात जाऊन पडताळायचा.
३. जोडीदार मोहित. मोटारसायकल त्याची, नोंदी माझ्या.
४. मुक्काम इंदापूर तालुक्यात, शेळगावला प्रयागबाईंच्या वस्तीवर. संध्याकाळी पोचले. खोली स्वच्छ, दारात पेरू.
मी खूश आहे.

१३ नोव्हेंबर, शेळगाव
दिवसभर बांधाबांधाने फिरलो. शेजारच्या सर्जेरावतात्यांनी विचारलं, आभाळातनं समदं दिसतंय तर हितं उन्हात कशापायी करपतीस? मोहित म्हणाला, हिचा आभाळावरही भरवसा नाही. तात्या खूप हसले. खरंच नाही. नकाशाने ज्वारीला मका म्हटलं होतं. मी दुरुस्त केलं.
वस्तीमागच्या जमिनीच्या गटावर नकाशात 'पडीक' आहे. प्रत्यक्षात तिथे दोन पुरुष उंच ऊस उभा आहे. प्रयागबाई म्हणाल्या, त्यो कुणी लावला न्हाय, कुणी तोडत न्हाय. तू पडीकच लिव, आजवर समद्यांनी त्येच लिवलंय. दिसतं तेच लिहिते, असं मी सांगितलं. 'ऊस' अशी नोंद केली. पडताळलेली नोंद बंद होते. बारामती कार्यालयातल्या सुप्रिया मॅडमखेरीज ती कुणाला बदलता येत नाही.

१८ नोव्हेंबर
उपग्रहाचं नवं चित्र आलं; दर पाच दिवसांनी येतं. तो ऊस शेजारच्या हरभऱ्यात शिरलेला दिसला. चित्रात दोष असेल म्हणून बघायला गेले. दोष नव्हता. नुकत्याच उगवलेल्या हरभऱ्यात डोक्यावर गेलेला ऊस. प्रयागबाई माझ्याशी बोलत नाहीत. जेवण मात्र झाकून ठेवतात.

१९ नोव्हेंबर
आतला फोटो हवा होता. मी मागितला. मोहित उसात शिरताना म्हणाला, हरवलो तर नकाशात शोध.
तो बाहेर आला नाही. हाका मारल्या. सगळी वस्ती जमली. बांधाच्या आत कुणी पाय ठेवला नाही.

२१ नोव्हेंबर
पोलीस एका बांधाने शिरले, दुसऱ्याने निघाले. आत माणूस नाही, म्हणाले. पण मोहितच्या मोबाइलवरून नकाशावर फोटो येत आहेत. नुसती पानं. एकात त्याचा हात.

२३ नोव्हेंबर
चित्र आलं. ऊस तात्यांच्या गोठ्यापर्यंत. गाई हंबरत होत्या — आता नाहीत.
पुन्हा हाताचा फोटो. एका बोटाला पाच पेरं. मी परत मोजली.

२५ नोव्हेंबर
प्रयागबाई बोलल्या. पडीक लिवलं की त्यो निजतो. मागं एकानं असंच ऊस लिवलं हुतं. तवा माझं धाकलं दीर आत हुतं. पडीक केलं, वस्ती वाचली.
दीर? मी विचारलं. त्यांनी माझं ताट उचललं आणि म्हणाल्या, त्ये आतच ऱ्हायलं.

२७ नोव्हेंबर
उसाने वाट बुजली. कुणालाच निघता येत नाही. मॅडमना हे पाठवते आहे —
मॅडम, उद्या गुरुवारी पुढचं चित्र. त्यात वस्तीवरही ऊस असेल. माणसं आत असताना. नोंद उघडावी, गट पडीक लिहावा. मोहित जिवंत आहे. आत्ताच त्याने माझ्या हाकेला ओ दिली. त्याला आत मी पाठवलं. तरीही पडीक लिहावा. उत्तर गुरुवारी उजाडायच्या आत द्यावं.
आता तोच मला हाक मारतो आहे.