काकीची बारीक पटाशी

३ नोव्हें., सोम.
पार्सल एकदाचं आलं. तळेऱ्यात अडकलं होतं, हे जाऊन घेऊन आले. पाच हत्यारं, मुठी जेमतेम पेन्सिलीएवढ्या. हे म्हणतात, "दाताच्या डॉक्टराचा सामान हाडलंस काय गो?" हसा म्हटलं.
दु. छोट्या लेथवर पांगाऱ्याचं उखळ लावलं, अंगठ्याएवढं, भातुकलीचं. बाहेरून झकास. पण हत्यार आत शिरलं की कड उडते. तीन उखळं चुलीत.

५ नोव्हें., बुध.
शेजारी तात्यांकडे हत्यारं घेऊन गेले. मोतीबिंदूमुळे ते हल्ली सगळं बोटांनीच बघतात. "चकचकीत असतीत, पण जाड. उखळाच्या पोटात ह्यां फिराचा नाय." मग ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेली पटाशी काढली. जुन्या कानशीची केलेली, सुईसारखी बारीक. "ही काकीची. नेऊन बघ. पण माका परत दी हां."
काकीला, तात्यांच्या बायकोला, जाऊन दोन वर्षं झाली. काकीची कशी? लाकूड कातायचं काम तात्यांचं, काकी नुसती दोरी ओढून लाकूड फिरवायची, असंच सगळा गाव म्हणतो. आठवण म्हणून म्हणत असतील.

८ नोव्हें., शनि.
ती पटाशी लाकडाला लावली की उसळते. नीट पाहिलं तर धारेचा तिरपेपणाच उलटा! नव्या हत्यारांबरोबरच्या कागदावर चित्र आहे, त्याच्या बरोबर उलट. दिसत नाही बिचाऱ्यांना, चुकीची धार लावून बसले. कुडाळहून आणलेला ग्राइंडर होताच. दोन मिनिटांत सरळ करून टाकली. टोक जरा निळं पडलं, पाण्यात बुडवलं.
आणि उखळ असं उतरलं म्हणून सांगू! आतून गुळगुळीत. तात्यांना धार लावूनच परत देणार. खूश होतील.

१० नोव्हें., सोम.
उखळ दाखवायला गेले. पटाशी घरीच राहिली होती. तात्यांनी करंगळी आत फिरवली, पुन्हा फिरवली.
"तिच्याच हातचा वाटता."
कुणाच्या?
"काकीच्या. बारीक काम सगळा तिचाच. दोरी मी ओढी. लोकांक सांगाक लाज वाटायची, म्हणान मी कातारी." मग हसले. "डावरी ती. माका तिची पटाशी कधी जमूक नाय. तुका कशी जमली गो?"
"जमली," म्हणाले मी.
बस्स, एवढंच. तोंडातून निघून गेलं. "मी तिच्या धारेक कधी हात लावूक नाय," तात्या म्हणत होते, आणि मी मान डोलावत होते. त्यांना दिसत नाही तरी.
जेवण गेलं नाही. काय गरज होती मला शहाणपण करायची!

१३ नोव्हें., गुरु.
तीन दिवस दगडावर घासतेय. हाताने, पाणी घालून. ग्राइंडरला शिवले नाही. जुना तिरपेपणा आणायला जावं तर टोक झिजतंय. पाव इंच तरी आखूड झाली. निळं पडलेलं पोलाद मऊ, धार टिकत नाही. आणि नेमका कोन कुठला, ते आता कुणाला ठाऊक? ज्या हाताला ठाऊक होतं…
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तात्यांक दिसता खंय? देवन टाक." इतकी चिडले ह्यांच्यावर. चिडायला काय झालं, हेच तर मी काल नळावर भांडी घासताना मनात म्हटलं होतं.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी कुंपणापलीकडून हाक. "पटाशी हाड गो."
वाक्य पाठ करून गेले: तात्या, माझ्या हातून चूक झाली. त्यांनी हात पुढे केला, मी पटाशी ठेवली. अंगठा धारेवरून गेला. परत आला. परत गेला. मी "तात्या" म्हटलं, पुढचं येईना.
ते उठले. पटाशी फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. तिथूनच आणखी दोन काढून माझ्या हातात दिल्या. "ह्यो पण काकीच्योच. ह्यांकाय तशीच धार लाव."
तशीच म्हणजे कशी, विचारायचं धाडस झालं नाही.

१७ नोव्हें., सोम.
दोन्ही पटाश्या टेबलावर. दोन्हींचा तिरपेपणा डाव्या हाताचा. ग्राइंडरची वायर काढून माळ्यावर टाकली. एक डाव्या हातात धरून पाहिली, उखळ फुटलं.
सं. फुलझाडांना पाणी घालत होते. तात्या कुंपणाशी आले. "लावलंस काय धार?"
"बघतंय," म्हटलं.
"बरा," म्हणाले. पण गेले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून तसेच उभे, मी अजून काही बोलेन म्हणून थांबल्यासारखे.
मी नळ मोठा सोडला.