डब्यातून निघालेलं घर

गुरु., ४ डिसें. ८६
बोलते मी, लिहिते हेमा. आजी सांगेल ते नातीने लिहायचं, एवढीच काय ती या घरात माझी सत्ता उरली आहे.

तिला पालघरच्या कॉलेजात संख्याशास्त्राचा पेपर आहे. त्यासाठी आळीतल्या वीस घरी जाऊन विचारायचं, माणसं किती, शिकलेली किती, बोईसरला कारखान्यात जाणारी किती. म्हटलं, त्यात काय, ओळखीची वीस घरं मी सांगते. तर म्हणे ओळखीची चालत नाहीत. सगळ्या घरांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहायचे, डब्यात घालून हलवायचे आणि न बघता काढायचे. म्हणजे प्रत्येक घराला सारखी संधी.

चिंचणीत सारखी संधी कोणाला मिळालेली मी पाहिली नाही. डब्यात मिळत असेल तर मिळो.

शनि., ६
चिठ्ठ्या मीच काढल्या. हेमा म्हणाली, "आजी, तुला वाचता येत नाय. तुझ्याएवढा चांगला हात गावात नाय." जन्मात पहिल्यांदा माझ्या अडाणीपणाची कोणी तारीफ केली.

ओटीवर बसले, पितळी डब्यातून एकेक काढत गेले. ती वाचत गेली. मधेच थांबली.

कुंपणापलीकडचं घर. मनूचं.

मनू माझी धाकटी जाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा विहीर त्यांच्या वाडीत गेली. पाण्याच्या पाळीवरून शब्द झाले, तेव्हापासून बोलणं बंद. दोघींचे नवरे गेले तरी बंद. आमच्याकडच्या तेराव्याला आली होती, ओटीखाली उभी राहून गेली. मीही वर ये म्हटलं नाही.

हेमाला म्हटलं, टाक ती परत, दुसरी काढते. ऐकेना. "बदलली तर मग ती तुझ्या पसंतीची घरं झाली. सर नापास करतील."

सोम., ८
आळीभर झालं. समोरची गुलाब विचारून गेली, आमचं घर का नाय काढलंत, काय वाटणार हाय का? रॉकेल मिळणार अशी तिची समजूत. जाता जाता म्हणाली, मनूचं बरं काढलंत.

सगळ्यांना वाटतंय मी हात घालून शोधून काढलं. मला वाचता येत नाही हे त्यांना माहीत आहे. पण मी लबाड आहे हे जास्त माहीत आहे.

बुध., १०
हेमा पलीकडे गेली होती. मी वाल सोलत बसले. सोललेलेच पुन्हा चाचपत होते.

आल्यावर विचारलं, काय म्हणाली? सांगत नाही. एका घरची उत्तरं दुसऱ्याला सांगायची नसतात म्हणे. माझंच खाते आणि माझ्यापासून गुपितं ठेवते.

प्रश्नांत नव्हतं तेवढंच सांगितलं. मनूने दारातच अडवून विचारलं, चिठ्ठी कोणी काढली? आजीने, म्हटल्यावर आत घेतलं, बसायला खुर्ची दिली, विचारलं तेवढं सगळं सांगितलं. निघताना टोपलीभर चिकू दिले. म्हणाली, "जाऊबायनी काढलं माझं घर. म्हणजे आठवण हाय अजून."

हेमा म्हणते, उद्या जाऊन तिला समजावते की तसं नसतं. मी म्हटलं, गप बस.

शुक्र., १२
हिशेब झाला. दर घरी पाच माणसं आणि वर अर्धं, अशी सरासरी. ते अर्धं तुझा बाप असेल म्हटलं. दुसऱ्या पाळीवरून येतो, घरात असून नसल्यासारखा. हसली नाही. मनूला समजवायला जाऊ दिलं नाही म्हणून दोन दिवस फुगून आहे.

"खोटं हाय ते, आजी. तुझ्या हातात कोणतीही चिठ्ठी आली असती."
"मी कुठे खोटं बोलले? मी बोललेच नाय."
"आणि धाकट्या आजीने विचारलं तर?"

हे लिहायला कुरकुरत होती. लिही म्हटलं.

रवि., १४
दुसऱ्याची टोपली रिकामी परत करत नाहीत. तिच्यात सोललेले वाल घातले, हेमाला म्हटलं देऊन ये. "तू जा," म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली.

गेले कुंपणापाशी. मनू तिकडे उभीच. केस सगळे पिकलेत. कुंपणाच्या पानांतून कधी दिसलं नव्हतं. वरून टोपली घेतली, वालांवर हात फिरवला आणि म्हणाली, "खरं सांगा जाऊबाय. मुद्दाम काढलीत ना माझी चिठ्ठी?"

मागे ओटीवर हेमाच्या पुस्तकाचं पान उलटायचं थांबलं.

म्हटलं, कुंपणावरून काय विचारतेस, ओटीवर ये. चहा टाकते.

कुंपणाला वाट ठेवलेली नाही. रस्त्याने वळसा घालून यायला हवं आणि तिचे गुडघे माझ्यासारखेच. तेवढ्यात हेमाला एवढं लिहायला बसवलं. चहा उकळतोय. फाटक वाजलं. काय सांगायचं ते अजून