न धुतलेला टॉवेल

निमोणे, पौष अमावस्या, मंगळवार

ह्यांच्या खुनाला वर्ष होत आलं. आज फौजदार दारात आले, तेही देवऋषीला जीपमध्ये पुढं बसवून. "ताई, मालकांचं न धुतलेलं एखादं कापड द्या. महाराजांना त्यावरनं दिसतं."

ह्यांचा रक्ताळलेला टॉवेल मला मागाहून बांधावर सापडला होता. तेव्हाच चौकीत नेला, तर "पंचनामा झालाय, घरीच ठेवा," म्हणाले होते. आज दिला. वाटलं, आता तरी नेतील.

देवऋषीनं टॉवेल हुंगला, त्यावर कुंकू ओतलं, लिंबू पिळलं अन् नदीकडं बोट केलं. "तिकडं फिरस्त्यांची पालं हायत, त्यातलाच एक." दुपारी पालावरचा एक जण उचलला.

बांधावरनं ह्यांच्याशी भांडणाऱ्या चुलतदिराचं नाव मी किती वेळा सांगितलं! दरवेळी "पुरावा हाय का?" देवऋषीला मात्र कुणी विचारलं नाही.

टॉवेल परत दिलाय. रक्त कुठलं, कुंकू कुठलं, आता कळत नाही.

जीप गेल्यावर चुलतदीर म्हणाला, "वैनी, आता तरी समाधान झालं न्हवं?"

मी मान डोलावली. का डोलावली मी?