पडद्याची डावी बाजू

४ मार्च, सातारा
घसा बसलाय. काल कोरेगावात वाचनसंस्कृतीवर बोलायला बोलावलं होतं. दहा मिनिटं वाचनावर बोलले आणि मग घसरलेच ‘तळ हलला’वर. संयोजक घड्याळ बघत होते, श्रोते माझ्याकडे.

मुद्दे नेहमीचेच. माणदेशाच्या माळावर, तिथल्याच मेंढपाळांना उभं करून केलेला सिनेमा. हक्क असलेल्या कंपनीने त्याची डिस्क काढली ती रंग विटलेली. रात्रीच्या प्रसंगात आकाशात चंद्र आणि मेंढ्यांच्या सावल्या भर दुपारच्या. वर रुंद पडद्याचा सिनेमा टीव्हीत कोंबायला दोन्ही कडा छाटल्या. ऑनलाइन टाकलाय तोही तसाच.

शेवटी कोपर. धनगरांच्या गजी नाचाच्या प्रसंगात पडद्याच्या डाव्या कडेला नुसतं एक कोपर दिसतं आणि ढोलावर पडणारी काठी. माणूस कापलेला. “हे कोपर कुणाचं?” असं विचारून मी थांबते. सभागृह श्वास रोखतं. कालही रोखला.

कार्यक्रमानंतर दाराशी एक गृहस्थ उभे. ताठ, मिशा कातरलेल्या. लक्ष्मणराव, फौजेतले निवृत्त हवालदार, म्हसवडजवळच्या वाडीचे. म्हणाले, “बाई, त्यो ढोलवाला माजा बा हाय. मी तवा आयच्या काखंत. पुढं थोड्या दिसांत बा गेला. घरात एक फोटू न्हाई.”

अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी, खरं लिहायचं तर, पुढच्या भाषणाचा शेवटही सुचला.

९ मार्च, सांगली
आमच्या प्रेक्षक गटाची बैठक, भूपालअण्णांच्या पेढीवर. अण्णा हळदीचे व्यापारी, सिनेमाचं वेड बापजाद्यांपासूनचं. माडीवर पोत्यांच्या वासात जुन्या सिनेमांच्या डिस्क रचून ठेवल्यात. अण्णांचं जेवण दिवस मावळायच्या आत, म्हणून आमच्या बैठका कधी लांबत नाहीत. चळवळीला लागलेली ही एकमेव शिस्त.

लक्ष्मणरावांचं सांगितलं. अण्णा म्हणाले, “म्हणजे कोपराला मालक मिळाला म्हणायचा.”
मी म्हटलं, “आता कंपनी वाकणार, अण्णा.”
“वाकू दे की. पर कंबर मोडस्तवर वाकवू नगा, ताई. माल घेऊन यायचाय त्येंच्याकडनं.”
सगळे हसले. मी नाही हसले.

२२ मार्च
म्हसवडच्या पुढे लक्ष्मणरावांच्या वाडीवर जाऊन आले. ऊन मी म्हणत होतं. त्यांच्या आई तानुबाई. अंगाने चिपाड, आवाज मात्र माळावरून हाक मारणारा. हुलग्याचं माडगं पुढे ठेवलं, नको म्हणायची सोय नाही.

डिस्क लावली. गजी नाच आला. लक्ष्मणराव पुढे होऊन बोटाने दाखवायला लागले, “आय, ह्ये बग, ह्यो बाचा हात.”
तानुबाई टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. बघितलं. म्हणाल्या, “ह्यो न्हवं.”
“आगं आय, नीट बग की.”
“नीटच बगतिया. ह्ये कोपार कुणा पोराचं हाय. ढोल धरायचा पत्त्या न्हाई. त्येच्यासंगं संसार म्या केला का तू?”
लक्ष्मणराव मागे सरकले. मला विचारावंसं वाटलं, मग ते कुठे आहेत? विचारायची गरज पडली नाही. तानुबाईंनी हात पुढे केला, टीव्हीच्या कडेवरून पलीकडे नेला आणि भिंतीवर ठेवला. “हितं आसंल त्यो. ह्या पोराच्या पल्याड. जत्रंत तंबूत लागला हुता तवा आक्काच्या आक्का दिसायचा. म्या मागं बाया बसत्यात तिथनं बगितलाय.”

भिंतीला पिवळा रंग, त्यावर ते बोट. निघताना म्हणाल्या, “एकडाव दावा, बाई. मग माजं काय न्हाई.”

येताना दहिवडीपर्यंत उभीच होते गाडीत. ठरवलं की कोपराचा मुद्दा भाषणातून काढायचा. भिंत सांगायची. भिंत जास्त खरी आहे.

३० मार्च, कऱ्हाड
कोपरच सांगितलं. “हे कोपर तानुबाईंच्या धन्याचं आहे!” मी म्हणाले. बायका डोळे पुसत होत्या. भिंत सांगायला वेळ लागतो, कोपर एका वाक्यात बसतं. पुढच्या वेळी दुरुस्त करीन.

लक्ष्मणराव आले नव्हते ते बरं झालं.

१७ एप्रिल, सांगली
दिवस मोठा होता. नीट लिहून ठेवते.

दुपारी अण्णांच्या पेढीवर होते. कंपनीतून फोन. एक मुलगी, आवाजावरून पंचविशीतली, बोलणं अदबीचं. मी स्पीकर चालू केला, अण्णांनाही ऐकू जावं म्हणून. म्हणाली, पूर्ण सिनेमा दुरुस्त करायचं अजून वरून ठरत नाहीये. पण चाचणी म्हणून गजी नाचाचं रीळ पूर्ण रुंदीत उतरवून घेतलंय. “तुमच्या भाषणाचा व्हिडिओ मी पाहिला, मॅडम. त्या आजींसाठी तेवढा भाग पाठवू शकते. या आठवड्यातच. फक्त तूर्त मोहीम जरा सबुरीने घ्याल का?”

मी म्हटलं, “तुकडा नको. आम्ही दारात भिक्षेला उभे नाही. पूर्ण सिनेमा द्या, नाहीतर काही देऊ नका.”
“ठीक आहे, मॅडम,” ती म्हणाली.

अण्णा हळकुंड बोटांत फिरवत होते. म्हणाले, “म्हातारीला इच्यारलं असतं तर?”
“अण्णा, एका घरासाठी सगळी लढाई विकायची?”
“इकायचं कोण म्हणतंय? आलंय त्ये घ्यायचं आणि परत भांडायचं. पैल्या बोलीला मान हलवायची न्हाई ह्ये मला कळतंय. पर दुसरी बोली येतीयाच आसं न्हाई.”
“हा हळदीचा सौदा नाही.”
“न्हाई खरं. हळद वर्सभर टिकती.”

संध्याकाळी वसंत व्याख्यानमाला. तिथे फोनची हकिकत सांगितली. “तुकडा नको!” म्हटल्यावर टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले. आयुष्यात इतक्या टाळ्या क्वचित मिळाल्या. अण्णा नव्हते. जेवायची वेळ झाली होती म्हणून गेले असतील.

२० मे, सातारा
कंपनी गप्प. भाषणाचा व्हिडिओ मात्र फिरतोय. मुंबईहून, बेळगावहून फोन. ‘तुकडा नको’ लिहिलेले फलक कुणीतरी केलेत.

लक्ष्मणरावांचा फोन. ते व्हिडिओ बघत नाहीत, मोबाइल साधाच आहे. “बाई, कवा हुईल?”
“होणार. नक्की होणार.”
“आयचं डोळं अजून बेस हाईत. पर छाती लय भरती. दवाखान्यात न्हिऊन आनली. रोज इच्यारती, त्या बाईचं काय झालं?”

कंपनीच्या फोनचं सांगितलं नाही त्यांना. पूर्ण सिनेमा हातात पडला की सांगेन, म्हणजे हसतील. असं काहीतरी मनात.

११ जून
न राहवून मीच कंपनीला फोन केला. त्या मुलीने नोकरी सोडली. दुसरे गृहस्थ बोलले. मी म्हटलं, तेवढा गजी नाचाचा भाग पाठवा, म्हातारीची तब्येत बरी नाही.
“मॅडम, ‘तुकडा नको’ तुम्हीच म्हणालात ना? पाहिलाय आम्ही सगळ्यांनी. वर मीटिंग झाली त्याच्यावर. आता जे द्यायचं ते एकदम.”
“मी आता वेगळं सांगतेय.”
“तेही भाषणात सांगा म्हणजे आम्हाला दाखवता येईल.”
टोमणा होता की सरळ बोलले, कळलं नाही.

ग्रीक नाटकं वाचतेय परत. सगळ्यांना आपण बरोबर आहोत हे फार नीट ठाऊक असतं त्यात. पुस्तक मिटून ठेवलं.

२६ जून
तानुबाई गेल्या. लक्ष्मणरावांचा फोन सकाळी. “बाई, आय गेली.” एवढंच. मीही काही बोलू शकले नाही. मी!

२८ जून
अण्णा गाडी घेऊन साताऱ्याला आले, दोघं वाडीवर जाऊन आलो. लक्ष्मणराव चहा करायला सांगत होते, आम्ही नको नको म्हणत होतो. टीव्हीवर घोंगडं टाकलेलं. शेजारची भिंत तशीच पिवळी. तिच्याकडे बघायचं टाळलं.

येताना अण्णांनी वाटेत गाडी उभी केली, घरून आणलेला डबा उघडला, ऊन कलायच्या आत खाल्लं. मलाही भाकरी दिली. सबंध रस्ता त्या फोनबद्दल एक अक्षर नाही. बोलले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

१४ सप्टेंबर
जिंकलो. कंपनीने जाहीर केलं. पूर्ण रुंदी, रंग दुरुस्त, नवी आवृत्ती. दिवसभर फोन वाजतोय. कुणीतरी कंदी पेढे आणून दिले. साताऱ्यात सत्कार ठरतोय, शाल कुठल्या रंगाची यावर गटात चर्चा चालू आहे.

पेढ्यांचा पुडा कामवाल्या बाईंना दिला.

५ ऑक्टोबर, सांगली
अण्णांच्या घरी, मोठ्या टीव्हीवर. लक्ष्मणराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, परेडला उभं राहावं तसे. बसा म्हटलं तरी खुर्चीच्या काठावरच.

खरंच फार सुंदर झालाय. रात्र रात्रीसारखी. माळ इतका रुंद की खोली मोठी वाटायला लागली. मग गजी नाच.

कोपराचा माणूस पहिल्यांदा पूर्ण दिसला. मिसरूड न फुटलेला पोरगा, एक दात पडलेला, कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. ढोल खरोखरच वेडावाकडा धरलेला. ह्याच्या कोपरावर मी सहा महिने लोकांना रडवलं.

त्याच्या पल्याड दोघं.

दोघं ढोलवाले, खांद्याला खांदा लावून. दोघांना पागोटी, दोघांच्या कपाळाला भंडारा. वयही एकच. डाग पुसता पुसता कंपनीने चेहरेही पुसलेत, कातडी मेणासारखी गुळगुळीत. लक्ष्मणरावांचं नाक कुणाच्या नाकाशी जुळतं, सांगता येत नव्हतं.

ते उठून उभे राहिले. “ह्यातला कंचा?”

अण्णांनी मागे घेऊन परत लावलं. परत लावलं. लक्ष्मणराव एकदा ह्याच्याकडे बघायचे, एकदा त्याच्याकडे. “आयनं एका दमात सांगितलं असतं,” म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. मी टीव्हीशेजारच्या भिंतीकडे बघत बसले.

६ ऑक्टोबर
सांगली एसटी स्टँडवर त्यांना सांगितलं. एप्रिलमधला फोन, ते रीळ, या आठवड्यातच पाठवते म्हणाली होती ते, मी काय उत्तर दिलं ते. आणि कोपर त्यांच्या बाचं नाही हे माहीत असूनही सांगत राहिले तेही. वाक्यं जमत नव्हती. मध्येच एक गाडी लागली, तिच्या आवाजात अर्धं वाहून गेलं, परत सांगावं लागलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मला इच्यारलं न्हाई म्हनून राग न्हाई, बाई. फौजेत आमाला कोन इच्यारत हुतं? पर आयला इच्यारायचं हुतं.”

साताऱ्याची गाडी आली. त्यांनी आत शिरून माझ्यासाठी जागा धरली. “खिडकीकडं बसा. वारं लागंल.” खाली उतरले आणि गाडी सुटेपर्यंत उभे होते.

शिव्या दिल्या असत्या तर...

२६ ऑक्टोबर, सातारा
सत्काराला नाही म्हटलं. गट चिडलाय. मेणाच्या चेहऱ्यांवरून गटातल्या पोरांना नवी मोहीम काढायची आहे. मुद्दा रास्त आहे, शंभर टक्के रास्त. “ताई, एक सणसणीत भाषण झालं पाहिजे.” बघू म्हटलं. अण्णा म्हणाले, “ह्या टायमाला आधी हवालदारास्नी इच्यारा.” रात्रभर ते डोक्यात.

सकाळी लक्ष्मणरावांनाच फोन केला. त्यांच्या पुतण्याने टीव्हीवरून मोबाइलने फोटो काढून मोठा करून आणलाय. दोघं ढोलवाले. आईच्या फोटोशेजारी त्या पिवळ्या भिंतीवर लावलाय. “हार एकच घातलाय, दोगांवरनं,” म्हणाले. “दुसऱ्याचं कोन आसंल तर त्येलाबी पोचू दे.”

मोहिमेचं विचारलं. म्हणाले, बाची धाकटी बहीण आहे, फलटणकडे, उसाच्या पट्ट्यात दिलेली. थकलीय. कधी काय आठवतं, कधी काहीच नाही. रविवारी भिंतीवरचा तो फोटो उतरवून ते तिच्याकडे घेऊन जाणार आहेत.

“मीही येऊ का?” म्हटलं.
“या की. पर बाई, तिथं कायबी बोलू नगा. तिला बगू द्या.”

बरं म्हटलं.